आठव्या मिनिटाला

आधी आवाज बारीक व्हायचा. मग तो दोनदा उसळी घ्यायचा, तिसऱ्यांदा घ्यायचा नाही, आणि डोंगरावर एकदम सामसूम. कानांत घूं तेवढं उरायचं. ते ओसरलं की पलीकडच्या किंदळावरचा कोतवाल ऐकू यायचा, त्यानंतर मोप्याच्या सड्यावरून उठणारं विमान. मी खांद्यावरचा पट्टा सोडायची, मशीन कातळावर आडवं ठेवायची आणि घड्याळ बघायची. आठ मिनिटं. मागच्या खेपेला सात झाली होती.

कासारवर्ण्याच्या बाजूला आमच्या बाबांची काजूची बागायत आहे. बागायत म्हणजे आखीव ओळी आणि ठिबकच्या नळ्या नव्हेत. उतार, जांभा दगड, त्यातून वाट काढून वाढलेली दोनशेच्या आसपास झाडं. निम्मी आजोबांच्या काळातली, गावठी. उरलेली बाबांनी वेंगुर्ल्याहून आणलेल्या कलमांची. काजू मूळचा ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात गोव्यात आणला, आणि पेडणे त्यांच्या ताब्यात आलं ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. त्यामुळे झाड आमच्याकडे आधी पोचलं आणि राज्य मागाहून आलं, असं बाबांचं म्हणणं होतं. पाखरांनी आणि कोल्ह्यांनी बोंडू खाऊन बिया पुढे नेल्या असतील, असं ते सांगायचे. त्याला पुरावा काही नव्हता, पण डोंगर बघताना ते पटायचं.

माझं सासर डिचोलीत, माहेर पेडण्यात. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. बाबा गेल्यावर या डोंगराचं काय करायचं हा प्रश्न घरात निघाला, तेव्हा मी बघते म्हटलं. बघायचं म्हणजे मुख्यतः बेणणी करायची. पावसाळा संपला की रानमोडी कमरेच्या वर आलेली असते. घाणेरी, कुडा, करवंदाच्या जाळ्या, वर वेलींचं जाळं. डिसेंबर सरेपर्यंत झाडाखालची जागा साफ हवी. मोहोर धरतो, फेब्रुवारीच्या अखेरीपासून बोंडू पडू लागतात, आणि काजूचा बोंडू झाडावरून तोडायचा नसतो; तो पिकून आपणहून पडतो तेव्हाच बी तयार झालेली असते. खाली रान असेल तर पडलेली बी रानाची. बाबांच्या वेळी सहा-सात माणसं कमरेला आकडी बांधून, आकडीत कोयता अडकवून सकाळी वर चढायची आणि पंधरा दिवसांत डोंगर भादरल्यासारखा व्हायचा. आता ती माणसं म्हातारी झाली. त्यांच्या मुलांना विमानतळावर, हॉटेलांत, टॅक्सीवर काम आहे. डोंगराने त्यांना अडवून धरावं असं मला वाटत नाही. म्हणून मशीन.

आणखी एक उपाय असतो, आणि तो फार सोपा आहे: काडी ओढायची. वाळलेलं गवत, फेब्रुवारीतला वारा, एका दुपारीत सगळं साफ. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर दिवसचे दिवस वणवे पेटत होते, हेलिकॉप्टरने पाणी टाकायची वेळ आली. त्या दिवसांत डिचोलीच्या घराच्या गच्चीवरूनही हवेत करपल्याचा वास यायचा. वणवे कशाने लागले यावर बरीच चर्चा झाली आणि त्या चर्चेत काजूसाठी रान जाळण्याच्या सवयीचं नाव निघालं. मला ते लागलं, कारण ती सवय मी लहानपणी पाहिलेली आहे. आमच्या डोंगरावर बाबांनी ती कधी चालू दिली नाही. जळालेल्या जमिनीवर पहिल्या पावसात काय होतं ते त्यांनी मला एकदा ओहोळात उभं करून दाखवलं होतं. काळं पाणी, आणि त्यात वाहून चाललेली माती. म्हणून मशीन आठव्या मिनिटाला बंद पडायचं तेव्हा माझा जीव कासावीस व्हायचा. कापलेला तुकडा एवढासा, पुढे उतार पसरलेला, आणि शेजारच्या डोंगरावरून कोणीतरी ओरडून सांगायचं, बाई, कशाला एवढा त्रास, आग घाला.

आमचं मशीन म्हणजे खांद्याला पट्ट्याने अडकवायचं कटर. लांब दांडा, एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला पातं. कोवळ्या गवतासाठी पात्याच्या जागी नायलॉनचा दोरा लावतात, त्याला आमच्याकडे तंगूसच म्हणतात. गरवायची तीच तंगूस. 1971 साली टेक्सासमधल्या जॉर्ज बलास नावाच्या माणसाला गाड्या धुणाऱ्या केंद्रातले फिरते ब्रश बघून ही कल्पना सुचली. झाडाच्या बुंध्याशी, मुळांच्या मधलं गवत पात्याला काढता येईना, म्हणून त्याने पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून दोरा ओवला. रानमोडीला मात्र तंगूस पुरत नाही, तिथे पोलादी पातंच लागतं.

इंजिन दोन स्ट्रोकचं. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचं, आमच्या मशीनला लिटरला चाळीस मिली. आडवं-तिरकं कसंही धरलं तरी चालावं म्हणून त्याच्या कार्बोरेटरमध्ये मोटारसायकलसारखं तरंगतं फ्लोट नसतं. त्याऐवजी रबराचा पातळ पडदा असतो. इंजिनच्या पोटातला दाब खालीवर होतो तसा तो पडदा हलतो आणि टाकीतलं पेट्रोल ओढून घेतो. सगळी यंत्रणा मुठीत मावेल एवढी. पहिल्यांदा ती उघडली तेव्हा तो पडदा उजेडात धरून मी बराच वेळ बघत बसले होते. कांद्याच्या पापुद्र्याहून थोडा जाड असेल.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुखणं सुरू झालं. पहिला संशय पेट्रोलवर, आणि तो खोटा नव्हता. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. आमच्या पावसाळ्यात तर मीठ बरणीत पाणी सोडतं. जूनमध्ये टाकीत राहिलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतलं तर तळाशी वेगळा थर दिसला, बोटभर. ते काढून टाकलं, टाकी धुतली, ताजं मिश्रण भरलं. मशीन पहिल्या ओढीला सुरू झालं. आठव्या मिनिटाला बंद.

मग प्लग. काजळी धरली होती. घासला, गाळा मापून बसवला. मग हवेचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवला. टाकीत नळीच्या टोकाशी पेट्रोल गाळणारा बोटाच्या पेराएवढा फिल्टर असतो, तो काळा झाला होता, नवा घातला. सायलेन्सरची जाळी काढून जाळली. यातलं एकही काम वाया गेलं नाही, प्रत्येक ठिकाणी मळ होताच. त्यामुळेच फसायला होतं. दोष सापडला की मन सुटकेचा श्वास सोडतं आणि त्यालाच कारण ठरवून मोकळं होतं. शाळेत मुलांच्या निबंधात शुद्धलेखनाच्या चुका भरपूर असल्या की तो निबंध मुळात कशावर आहे हे विचारायचं राहून जातं, तसं काहीसं. त्यानंतर शहरातल्या एका दुकानात दाखवलं. तिथे न उघडताच कार्बोरेटर बदलायला हवा म्हणाले, मी बदलून घेतला. घरी येऊन भरल्या टाकीने सुरू केलं. सात मिनिटं.

बंद पडल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबलं की ते पुन्हा सुरू व्हायचं, यावरून गरम होऊन कॉइल दम सोडत असावी असं सगळ्यांचं मत पडलं. माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. त्याच्याकडे बसून चालवायचं गवत कापणीचं यंत्र आहे, छोट्या ट्रॅक्टरसारखं. त्याला रविवारी फोनवर सांगितलं. त्याचंही उन्हाळ्यात सारखं बंद पडत होतं म्हणाला, आणि कारण निघालं आसनाखालचा स्विच. त्या यंत्रात चालवणारा माणूस आसनावरून उठला की इंजिन आपोआप थांबतं. माणूस पडला आणि पाती फिरत राहिली असं होऊ नये म्हणून. तो स्विच सैल झाला होता, त्यामुळे खड्ड्यावरून जाताना भाऊ जरा उसळला की यंत्राला वाटायचं माणूस गेला. ते ऐकून आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प झालो. बाबांच्या अखेरच्या दिवसांत त्याला येता आलं नव्हतं. मग तोच म्हणाला, ताई, दर वेळी किती मिनिटांनी बंद पडतं ते लिहून ठेव, टाकीत पेट्रोल किती होतं तेही लिही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदल.

लिहायला मी बाबांचीच वही घेतली. दोनशे पानी, रेघांची, अर्धी भरलेली. त्यांनी झाडांना आकडे दिले नव्हते, नावं दिली होती. विहिरीकडचा. वाकडा. उशिराचा. बायोचा, म्हणजे माझ्या आत्याने लावलेला. प्रत्येकापुढे मोहोर कधी आला, पहिला बोंडू कधी पडला, बी कितपत भरली. पिकाच्या पैशांचा हिशेब वेगळ्या वहीत होता. या वहीत फक्त झाडं कशी आहेत तेवढंच. शेवटची नोंद त्यांच्या थरथरत्या अक्षरात, उशिराच्या झाडाची. तिच्यानंतर एक पान कोरं सोडून मी लिहू लागले.

टाकी भरलेली, आठ मिनिटं. टाकी भरलेली, सात. टाकी अर्धी, एकोणीस. टाकी भरलेली, ढगाळ हवा, आठ. टाकी अर्ध्याहून कमी, सत्तावीस. पाच दिवसांत पान भरलं. रात्री कंदिलाशी, म्हणजे आता बॅटरीच्या दिव्याशी, ते वाचताना माझ्या लक्षात आलं की हे उलटं आहे. पेट्रोल जितकं कमी तितकं मशीन जास्त चालत होतं. उष्णतेने कॉइल दम सोडत असती तर टाकीत किती आहे याच्याशी तिला काय देणंघेणं? उलटं आहे एवढं दिसलं. का उलटं आहे हे कळेना.

दुसऱ्या दिवशी मशीन गाडीत घालून कोलवाळचा पूल ओलांडला आणि अस्नोड्यावरून डिचोलीला आले. बाजारापासून जरा आत एक मेस्त्री बसतात. साठीच्या पुढचे. आयुष्याची पंचवीस वर्षं त्यांनी खाणींवरच्या ट्रकांची आणि यंत्रांची इंजिनं उघडण्यात घालवली. 2012 च्या पावसाळ्याअखेर गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, मधे काही काळ पुन्हा चालल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. खाणीतली लाल धूळ डिचोलीकरांनी किती गिळली ते मी वर्गाच्या बाकांवर रोज बोटाने पाहिलेलं आहे. खाण बंद झाली म्हणून रडावं असं मला कधी वाटलं नाही. पण माणसाच्या हातात जे कौशल्य वर्षानुवर्षं साठतं त्याला खाणपट्ट्याची मुदत नसते. ज्या हातांनी खोलीएवढी इंजिनं बांधली ते आता पंप, फवारणी यंत्रं आणि आमच्यासारख्यांची कटरं दुरुस्त करतात. त्या हातांना मी मान देते.

त्यांनी मशीनला हात लावला नाही. आधी वही मागितली. मी ती सोबत आणल्याचं त्यांनी पाहिलं होतं. चश्मा वर सारून पान वाचलं, मागची बाबांची पानंही दोन चाळली. मग विचारलं, “पावसाळ्यात मशीन कुठं असतं, बाई?” मी म्हटलं, मांगरात, वाशाला टांगलेलं. त्यांनी मान हलवली. टाकी काठोकाठ भरली, इंजिन सुरू करून बाकावर ठेवलं आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. आठ मिनिटं गप्प बसणं हे त्या दुकानात त्यांना सहज जमलं, मला जड गेलं. आवाज बारीक झाला, दोनदा उसळला, थांबला. मेस्त्री वाकले, कान टाकीजवळ नेला आणि झाकण हळूच अर्धा वेढा सैल केलं.

सुस्स.

आत जाणाऱ्या हवेचा आवाज. “ताका स्वास घेवंक मेळना,” ते म्हणाले.

टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेव्हा त्याची जागा घ्यायला बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, आणि तो पापुद्र्यासारखा पडदा कितीही ओढला तरी पेट्रोल हलत नाही. भरलेल्या टाकीत वर हवा जवळजवळ नसतेच, म्हणून थोडं पेट्रोल गेलं तरी ओढ लगेच वाढते. अर्ध्या टाकीत हवेचा साठा मोठा, तो ताणला जायला वेळ लागतो. म्हणून माझे आकडे उलटे वाटत होते. ते उलटे नव्हते. थांबल्यावर पुन्हा सुरू व्हायचं तेही थंड झाल्यामुळे नव्हे. बुजलेल्या छिद्रातून थोडी थोडी हवा झिरपत टाकी भरायची. मग झाकण सैल ठेवूनच चालवलं तर, असं मी विचारलं. मेस्त्रींनी बोटाने सायलेन्सर दाखवला. तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोलचे थेंब पडले तर ज्या आगीपासून मी डोंगर वाचवत होते ती माझ्याच खांद्यावर लागली असती.

त्यांनी झाकण उलटं करून बारीक तार छिद्रात फिरवली. कागदावर चिमूटभर माती पडली. आमच्या डोंगराची लाल, खरबरीत माती नव्हे. करडी, मऊ, चाळून घेतल्यासारखी. तिच्यात केसाहून बारीक, सांधे असलेलं काहीतरी होतं. कोळ्याचा पाय.

तेव्हा मला ऑक्टोबर आठवला. मांगरातून मशीन खाली काढलं तेव्हा झाकणावर मातीचा वाळका गोळा होता. गेल्या वर्षीचा चिखल असेल म्हणून मी तो ओल्या फडक्याने रगडून पुसला होता. कुंभारीण. विहिरीच्या काठची ओली माती तोंडात आणून ती घर बांधते, भोक दिसलं की तिला तयार खोली मिळते. आत कोळी आणून ठेवते, मेलेले नव्हेत, डंख मारून निपचित केलेले, म्हणजे अंड्यातून निघालेल्या अळीला ताजं अन्न. घर मी पुसलं आणि त्याचा उरलेला भाग माझ्याच हाताने छिद्रात दाबला गेला.

वर्गात मी कितीतरी वर्षं भ्रमर-कीटक न्याय शिकवला. भ्रमरी अळीला मातीच्या घरात कोंडते, अळी भीतीने सतत तिचंच ध्यान करते आणि शेवटी भ्रमरीच होऊन बाहेर पडते. संतांनी हा दृष्टांत भक्ताच्या तद्रूप होण्यासाठी पुन्हा पुन्हा वापरला. कोंडलेल्या जिवाचं काय होतं हे आज आपल्याला ठाऊक आहे. बाहेर पडणारी माशी वेगळ्याच अंड्यातली असते. पण ज्या कोणी पहिल्यांदा घराच्या भिंतीवरचा तो मातीचा गोळा इतके दिवस निरखला, आत काय गेलं आणि बाहेर काय आलं याची मनात नोंद ठेवली, त्याच्या नजरेबद्दल मला आता पूर्वीपेक्षा जास्त आदर वाटतो. निष्कर्ष चुकला, नोंद चुकली नव्हती. मी तर गोळा बघूनही पाहिला नव्हता.

मेस्त्रींच्या दुकानातून निघाल्यावर मी कुंभारणीने बुजवलेल्या छिद्रांबद्दल वाचू लागले आणि अंगावर काटा आला. विमानाचा वेग मोजायला बाहेरच्या बाजूला पिटो नळी नावाची छोटी नळी असते, तिच्यात समोरून हवा शिरते. 6 फेब्रुवारी 1996 रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या पुएर्तो प्लाताहून उडालेलं बर्गेनएअरचं बोइंग 757 समुद्रात कोसळलं आणि आतले सगळे 189 जण गेले. विमान काही आठवडे जमिनीवर उभं होतं, नळ्यांवर आच्छादन नव्हतं. एक नळी बुजली, वेगाचा काटा खोटं बोलू लागला. बुजवणारी बहुधा कुंभारीणच, असा तपास करणाऱ्यांचा अंदाज होता. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन विमानतळावर 2013 मध्ये एक एअरबस दोनेक तास उभी होती, तेवढ्यात माशीने नळीत माती भरली. विमान उडालं आणि परत फिरलं. अशासाठीच उभ्या विमानाच्या नळ्यांना लाल फीत लोंबणारी टोपडी घालतात, विसरून राहू नयेत म्हणून फीत लाल.

मोप्याचा विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला, तेव्हापासून आमच्या डोंगरावरून विमानं जातात. सड्यावरच्या जमिनीचं काय झालं, कोणाची गेली, झाडं किती गेली, याबद्दल माझ्या मनात दुखरेपण आहे आणि ते जायचं नाही. पण त्या आठवड्यात डोंगरावर उभं राहून वर बघताना मला फक्त ती नळी आठवली. आणि खाली विहिरीच्या काठावर माती कालवणारी ती काळी-पिवळी माशी, जिला आमचं बुजलेलं छिद्र आणि आकाशातली नळी यांत काही फरक वाटत नसेल.

शनिवारी वर गेले. टाकी भरली, झाकण घट्ट लावलं, वहीत वेळ लिहिली. आठ मिनिटं झाली तेव्हा मी वाकड्याच्या बुंध्याशी होते. हात थोडे आखडले, आवाज बदलेल म्हणून कान टवकारले. बदलला नाही. रानमोडीचा उग्र वास, पात्यावर येणारे कुड्याचे चिवट दांडे, पायाखाली घसरणारा जांभा. विहिरीकडचा झाला, बायोचा झाला. उन्हं तिरपी झाली तेव्हा मशीन आवाज बारीक न करता एकदम थांबलं. टाकी कोरडी होती. सव्वा तास. ख्रिसमसच्या आधी डोंगर साफ झाला. त्या वर्षी उशिराच्या झाडाने मोहोर लवकर धरला तेही वहीत आहे.

हंगाम संपला, मे अखेरीला मशीनची टाकी पूर्ण रिकामी केली, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवलं. आईच्या जुन्या लाल लुगड्याच्या काठाचं एक टोपडं शिवलं, झाकणावर ओढून घट्ट बांधलं, फितीचं टोक मुद्दाम हातभर लोंबतं ठेवलं, आणि मशीन वाशाला टांगलं. शेजारच्या खिळ्याला बाबांची आकडी होती, लाकडी, कोयता अडकवून अडकवून खाच गुळगुळीत झालेली.

पहिला पाऊस होऊन गेल्यावर मांगर उघडला तर आत कुंभारीण होती. टोपड्याभोवती घिरट्या घातल्या, कापडावर उतरली, चालली, उडाली. पुन्हा आली ती तोंडात माती घेऊन. आकडीच्या खाचेत शिरली. आतून तो बारीक, लाकडाला लागून येणारा गुणगुणाट ऐकू येऊ लागला. मी दुसरा खिळा शोधला आणि हातातला कोयता त्याला अडकवला.